खुंटीवरची माळ

वांग्याची पाटी सुनेच्या डोक्यावर द्यायला प्रयागबाई वाकली, पाटी गुडघ्यापर्यंत वर आली, आणि तिच्या पाठीत वाळली काटकी मोडावी तसं काहीतरी वाजलं.

फुलाबाईनंही ते ऐकलं. सासूच्या पायाखाली तुराटी मोडली असेल, एवढंच तिला वाटलं.

"आत्याबाई, द्या की वर! का मीच खाली बसू?"

"दिली की गं."

प्रयागबाईनं पाटी वर दिली. मग वाफ्यात बसून उरलेली वांगी तोडली, देठाचे काटे बोटांना टोचले ते पदराला पुसले, आणि दिवस कलल्यावर घरी निघताना तिच्या ध्यानात आलं की आपल्याला सरळ होता येत नाही. वाकली होती ती तशीच राहिली. कालव्याच्या भरावावरून दोघी चालल्या, तर सुनेची सावली खांबासारखी लांब आणि हिची सावली विळ्यासारखी.

दुखत होतं का? दुखत असावं. पण दुखणं आपलं आहे असं तिला वाटत नव्हतं. भिंतीपलीकडं शेजाऱ्याच्या घरात कुणी कण्हत असावं आणि आपण इकडं लसूण सोलत बसावं, तसं ते होतं. ही सवय जुनी. मानमोडीच्या तापात तिची पोर, बना, दोन रात्रींत गेली, तेव्हापासून प्रयागबाईला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. त्याच साली तिनं इंदापूरकडच्या कीर्तनकार बुवांच्या हातून तुळशीची माळ घातली. पुढं नवरा गेला, तेव्हाही ती रडली नाही. फक्त कीर्तनाला बसली आणि मृदंगावर थाप पडली, की आत कुठंतरी काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. म्हणून ती एक कीर्तन चुकवत नसे.

पणदऱ्याचं शिवार कालव्याच्या पाण्यावर हिरवंगार. ऊस, वांगी, मिरची, बांधाला चार पेरू. प्रयागबाईचं माहेर मात्र इंदापूरकडचं, कोरडं माळरान. तिथं तिची आई अशीच वाकून वाकून शेवटी जमिनीकडं तोंड करून हिंडायची. तिला कुणी आजारी म्हटलं नाही. म्हातारी झाली, म्हणाले. प्रयागबाईनंही गेली दोन-तीन वर्षं स्वतःला तेच सांगितलं होतं. लुगडं पायात यायला लागलं, तेव्हा तिनं ओचा वर खोचला आणि कामाला लागली.

सकाळी मात्र तिला अंथरुणावरून उठवेना. फुलाबाईनं हात दिला.

"आत्याबाई, हे काय आजचं न्हाय. काल रानात वाजलं ते तुमचंच हाड."

"वाजू दे. चूल पेटली का बघ."

पण पेटत्या चुलीपुढं बसताही येईना, तेव्हा ते रामहरीच्या कानावर गेलं. रामहरी तिचा एकुलता मुलगा. तोंडानं तिखट आणि मनानं घाबरट. त्यानं आईला उन्हाला ओट्यावर बसवलं आणि डोक्याला हात लावून शेजारी बसला. आळीतल्या बाया जमल्या. शकुबाई सगळ्यांत पुढं. ती प्रयागबाईच्या बरोबरीची, दोघींचं लग्न एकाच मांडवात झालेलं.

"प्रयागे, तुला देवानं कायमचंच पाया पडायला लावलं की गं!" शकुबाई म्हणाली.

बाया हसल्या. प्रयागबाईही हसल्यासारखी झाली.

"हसन्यावारी न्हेऊ नगा, मावशी," फुलाबाई म्हणाली. "काय करावं ते सांगा."

"करायचं काय? बकऱ्याचं पाय आन. रातभर शिजीव आन रस्सा पाज. माझ्या भावजयीनं खाल्लं, तर आता पान्याचा हंडा घेऊन पळतीया."

प्रयागबाईचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. शकुबाईला ते दिसलं.

"मग ऱ्हा तशीच," ती पुटपुटली. "देव काय पाट्या उचलाय येनार हाय व्हय तुझ्या?"

तिसऱ्या प्रहरी रामहरी सांगवीहून जोतीरामाला घेऊन आला. जोतीराम हाडं बसवायचा, माणसांची आणि जनावरांचीही. त्याच्या हाताचा पंजा सुपाएवढा. त्यानं प्रयागबाईला पालथं निजवलं आणि मणक्यावरून अंगठा खाली फिरवत नेला.

"हितं दुखतंय?"

"न्हाय."

"हितं?"

"न्हाय."

"माउली, बैलाला इचारावं लागत न्हाय. त्यो लाथ मारून सांगतो. तुमी तरी तोंडानं सांगा."

"दुखत आसंल की. मला काय कळंना."

जोतीरामानं हात काढला आणि रामहरीला बाजूला घेतलं. पण त्याचा आवाज दांडगा, सगळ्या ओट्यानं ऐकलं.

"ह्ये बसवायचं काम न्हाय, पाटील. निखळलेलं हाड मी बसवतो. हितं मनकं एकात एक रुतल्यात. भिजल्या विटांची भित खचावी तसं झालंय. वढलं तर आनि मोडंल. डाग दिऊन बघू, म्हनत आसशील तर."

डाग द्यायचं ठरलं. विळ्याचं टोक चुलीत लाल झालं. फुलाबाईनं सासूच्या तोंडात फडकं द्यायला हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला. कण्याच्या दोन्ही अंगांना जोतीरामानं डाग दिला. चामडीचा वास सोप्यात भरला. शकुबाई तोंड फिरवून बाहेर गेली. प्रयागबाई मात्र पडल्या पडल्या समोरच्या उतरंडीकडं बघत होती, आणि तिला एवढंच वाटलं की खालच्या मडक्याला चीर गेली आहे, त्यात आता धान्य ठेवायला नको.

जोतीरामाच्या कपाळाला घाम फुटला. विळा राखेत खुपसून तो म्हणाला, "मानूस वरडलं म्हंजी आग कुठवर पोचली ते कळतंय. ही बाय वरडंचना. मला काय उमजंना. तुमी बारामतीला दाखवा."

गाडीत गवताचा गादीएवढा थर घालून रामहरीनं आईला बारामतीला नेलं. बरोबर फुलाबाई. डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला, आणि आवाज न चढवता बोलणारा. त्यानं पाठ पाहिली, डागांकडं पाहून मान हलवली, पण रागावला नाही. मुलं किती झाली, जगली किती, हे विचारलं. मग म्हणाला,

"दूध पिता का, आजी?"

प्रयागबाईला प्रश्नच कळला नाही. दूध रतिबाला जातं. उरलं तर रामहरीच्या ताकाला.

"आईला दूध पचत न्हाय," रामहरी म्हणाला.

"पिऊन बघितलं होतं का?"

रामहरीनं फुलाबाईकडं पाहिलं.

डॉक्टरनं कोपऱ्यातलं ज्वारीचं वाळकं धाट उचललं. कुणी पेशंटनं गाडीतून आणलेलं असावं. ते त्यानं बोटांनी दाबलं. आतला भुसा चुरला.

"हाडं आतून अशी होत जातात. वरून दिसायला शाबूत, आतून पोकळ. काही न करता मोडतात. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा. पुण्याला नेलंत तर हाडांचा फोटो निघेल, आणि अंगाला प्लास्टर घालून कित्येक महिने निजवून ठेवतील. या वयात मी तो सल्ला देणार नाही. दुसरं म्हणजे तेल, दूध, सकाळचं ऊन आणि कमरेला घट्ट पट्टा. त्यानं पाठ सरळ होणार नाही, हे आधीच सांगतो. पण पुढची मोडतोड थांबेल. कदाचित."

"आन कायच न्हाय केलं तर?" हे फुलाबाईनं विचारलं.

"तर एक दिवस उंबऱ्याला पाय अडखळेल आणि मांडीचं हाड जाईल. मग अंथरूण. मग तिथून उठणं नाही."

त्यानं बाटली पुढं ठेवली. तिच्यावर माशाचं चित्र होतं.

"ह्ये कशाचं तेल?" प्रयागबाई पहिल्यांदाच बोलली.

"माशाच्या काळजाचं. जेवणावर एक चमचा, सकाळी आणि संध्याकाळी. उपाशीपोटी घ्यायचं नाही. आणि खाडा करायचा नाही."

प्रयागबाईनं पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

परतीच्या वाटेला गाडी लागली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा तेवढ्या वाजत होत्या. कालव्याचा पूल ओलांडल्यावर रामहरीला राहवेना.

"आये, नाक धरायचं आन गिळायचं. औशीद हाय त्ये. देवाला काय कळत न्हाय व्हय?"

"कळतंय की. म्हनून तर भ्या वाटतं."

"मग पुन्याला न्हेऊ? निजवून ठेवतील मडक्यासारखी पालथी."

"नगं."

"मग काय, पडून मरायचं? तुझं हागनं-मुतनं फुलानं काढायचं?"

"आवो!" फुलाबाई ओरडली. "काय बोलताय? गाडी हाका तुमी."

पण रामहरीनं नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं. प्रयागबाईची सासू शेवटी अंथरुणाला खिळली होती. तिची कूस पालटायची, चिंध्या धुवायच्या, हे सगळं प्रयागबाईनं केलं होतं. म्हातारी एकदा तिचा हात धरून म्हणाली होती, पोरी, मला मारून टाक. मरणाचं प्रयागबाईला काही वाटत नव्हतं. पण फुलाबाईचा हात धरून आपणही तसं म्हणू, हे चित्र तिला गाडीच्या दांडीवर बसलेल्या कावळ्याइतकं स्पष्ट दिसलं.

"घीन तेल," ती म्हणाली.

रामहरीनं बैलांना चुचकारलं. त्याला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. त्या रात्री प्रयागबाईनं देवाशी आपला आपण करार केला, आणि तो कुणालाच सांगितला नाही. माळकऱ्याचा नेम साधा असतो: गळ्यात माळ नसली तर अन्नाला हात लावायचा नाही. माळेचा दोरा तुटला तर मणी ओवून माळ पुन्हा गळ्यात पडेपर्यंत लोक उपाशी राहतात. आता माळ गळ्यात असताना मासा तोंडात घ्यायचा नाही, हाही नेमच. मग प्रयागबाईनं वाट काढली. पहाटे अंघोळ, माळ गळ्यात, अर्धी भाकरी खायची; त्या वेळी तेवढीच घशाखाली उतरायची. मग माळ काढून देवळीशेजारच्या खुंटीला लावायची आणि तेलाचा चमचा घ्यायचा. एकदा तेल तोंडाला लागलं की तो दिवस बाटला. मग माळ थेट दुसऱ्या दिवशी, अंघोळीनंतर. तोवर अन्न नाही. संध्याकाळचा चमचा तसाच, नुसत्या पाण्यावर. पाणी आणि दूध यांना तिनं सूट दिली होती. त्यातलं दूध तर ती कुणी बघत असलं तरच प्यायची.

देवाचं देवाला पोचलं, डॉक्टरचं डॉक्टरला. दोघांच्या मध्ये आपण उपाशी राहतोय, हे तिच्या मनातही आलं नाही. भूक लागायची ती भिंतीपलीकडं.

घरात कुणाला कळायचं कारण नव्हतं. बाया मागून जेवतात, आणि मागून कोण काय जेवलं ते कोण बघतं? फुलाबाई विचारायची, "आत्याबाई, जेवलासा?" ती म्हणायची, "तू बस. मी खाल्लं मगाशी." रानात असली की घरी खाल्लं, घरी असली की रानात खाल्लं. गळा उघडा दिसू नये म्हणून पदर हनुवटीपर्यंत.

पौष गेला, माघ गेला. कमरेला पट्टा होता, तेलाचा खाडा नव्हता. ऊस तोडून झाला, गुऱ्हाळं लागली, गावभर गुळाचा वास घोंगावला. प्रयागबाईच्या हातातल्या बांगड्या मनगटावरून सरकून कोपराकडं जायला लागल्या. शकुबाई म्हणाली, "प्रयागे, माशाचं तेल पितीस का मासाच तुला खातोय?"

दुसऱ्या खेपेला डॉक्टरनं तिला काट्यावर उभी केली आणि रामहरीकडं पाहिलं.

"तेल घेतात का या?"

"आईच्यान! माझ्या डोळ्यांदेखत घेती, साहेब. सकाळ-संध्याकाळ."

"मग वजन उतरतंय कसं? आजी, जेवता ना नीट?"

"जेवते की."

डॉक्टरनं तिला बाकावर बसवलं. पोटाला हात लावून पाहिला, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. शेवटी त्यानं तेल दीडपट केलं.

होळीच्या आसपास फुलाबाई देवळीत दिवा लावायला गेली. खुंटीला कापूस ठेवायची पिशवी होती. ती काढताना बोटाला मणी लागले. माळ. भर संध्याकाळी खुंटीला माळ. फुलाबाईनं ती हातात घेतली, पुन्हा होती तशी ठेवली, आणि पुढचे चार दिवस सासूवर नजर ठेवली. मग गोठ्यामागं, शेणी थापताना, तिनं तोंड उघडलं.

"आत्याबाई, दिसातनं एकदाच खाताय तुमी. ती बी अर्धी."

प्रयागबाईच्या हातातला शेणाचा गोळा तसाच राहिला.

"कोन म्हनतं?"

"मी म्हनते. माळ खुंटीला आसती आन तुमी पान्यावर. तेल घेऊन उपास करताय व्हय? डॉक्टर म्हनला उपाशीपोटी घिऊ नगा. हाडं ऱ्हायली बाजूला, तुमी अशाच वाळून जाताल!"

"हळू बोल."

"न्हाय बोलत हळू. ह्यास्नी सांगते आज."

"फुले," प्रयागबाई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता. "रामहरीला सांगितलंस, तर त्यो ती माळच तोडून टाकंल. त्याचा राग तुला ठावं हाय. मग मी काय करू? दोन्ही धरून चाललेय मी. तेल बी घेते, माळ बी सांभाळते. कुनाचं काय वाकडं केलं?"

"तुमचंच केलंय की!"

"माझं काय ऱ्हायलंय आता वाकडं व्हायचं?"

फुलाबाईला हसूही आलं आणि रडूही. शेणानं भरलेल्या हातानं तिला डोळे पुसता येईनात. "बुवास्नी इचारू," ती शेवटी म्हणाली. "सप्त्याला इंदापूरकडचं बुवा येत्यात. त्यांच्याच हातची माळ हाय तुमची. ते सांगतील ते करा."

"मानसाला इचारून देवाचा नेम मोडायचा व्हय? बुवा बी मानूसच. न्हाय, फुले. माझ्या गळ्याची आन हाय तुला."

शपथ घातली, ती फुलाबाईनं पाळली. तिच्या हातात होतं ते तिनं केलं. सकाळच्या भाकरीत ती तूप चोपडायला लागली, आणि अर्धी म्हणून वाढायची ती पाऊण व्हायला लागली. प्रयागबाईनं ते ओळखलं. पाव तुकडा ती मांजराला टाकायची.

चैत्रात हनुमान जयंतीचा सप्ता बसला. मारुतीच्या देवळापुढं मांडव पडला, वीणा खांद्याला लागली ती सात दिवस खाली टेकणार नव्हती. रोज भजन, रोज कीर्तन. प्रयागबाईला आता काठीशिवाय चार पावलं टाकता येत नव्हती. तरी ती येऊन बायांच्या मागं, मांडवाच्या खांबाला पाठ टेकून बसायची. बुवा थकले होते, पण आवाज तसाच होता, खडखडीत आणि गोड. एखाद्याच्या पाठीवर हात ठेवून बोलावं तसं ते हजार माणसांशी बोलायचे. मृदंग वाजला तरी यंदा प्रयागबाईच्या आत काही हललं नाही. तिनं दोन दिवस वाट पाहिली, मग तेही सोडून दिलं.

शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. फुलाबाई म्हणाली, "आज तरी तेल नगा घिऊ, आत्याबाई. आज काला हाय."

"डॉक्टर म्हनला, खाडा नगं. काला वाटायच्या आधी उठून येते मी."

तिनं अंघोळ केली, माळ घातली, अर्धी भाकरी खाल्ली, माळ काढली, तेल घेतलं. पदर हनुवटीपर्यंत ओढून ती मांडवात येऊन बसली. ऊन चढत होतं. वर मांडवाला दह्याची हंडी टांगली होती, झेंडूच्या माळा लावलेली. खाली मोठ्या घंगाळात लाह्या, दही, काकडी, कैरीच्या फोडी, भिजली डाळ. बायांच्या कडेवरची पोरं त्या घंगाळाकडं बघत होती.

बुवांनी गोपाळांची दुपार उभी केली. यमुनेच्या काठाला गाई बसल्यात, आणि गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्यात. "कुणाची काय, कुणाची काय!" बुवा म्हणाले. "कुणाच्या फडक्यात पुरणाची पोळी. तो सगळ्यांना दाखवत फिरतो. कुणाची मऊ ज्वारीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. कुणी कांदा आणलाय!" आणि बुवांनी खांबावर मूठ आपटून कांदा फोडला, नसलेला कांदा, आणि तो असा कराकरा खाल्ला की पुरुषांच्या बाजूनं हशा उठला. जोतीराम सांगवीहून आला होता; त्याचं हसणं सगळ्यांच्या वर.

"आणि सगळ्यांच्या मागं," बुवांचा आवाज खाली आला, "एक वाकडा गोपाळ बसलाय. पायानं वाकडा, पाठीनं वाकडा. त्यानं आपली शिदोरी मांडीखाली दडवलीय. देव म्हणतो, तुझं काय रे? तो म्हणतो, काय न्हाय. देव म्हणतो, मग मांडीखाली काय? तो म्हणतो, देवा, शिळं हाय. परवाचं हाय. आंबलंय. वास येतोय त्याला. तुझ्या तोंडाला न्हाय लावायचं ते. बघा हं मंडळी! पोळीवाला बोलावतोय, लोणीवाला बोलावतोय, आणि देव कुठं बसलाय? ह्या वाकड्याच्या पुढ्यात. म्हणतो, भूक लागलीय मला. काढ. तो म्हणतो, बाटशील. देव म्हणतो, मी? मी बाटतोय? अरे, मी बाटत असतो तर केव्हाचा संपलो असतो की!"

आणि बुवांनी ओंजळ तोंडाला लावली. डोळे मिटून, चवीनं, त्यांनी ती आंबलेली भाकरी खाल्ली. मांडवात एवढी शांतता की हंडीभोवती फिरणाऱ्या गांधीलमाशीचा आवाज येत होता.

त्या शांततेत प्रयागबाईच्या पोटात मोठ्यानं गुरगुरलं.

पुढची बाई वळून बघायला लागली. प्रयागबाईनं पोटावर हात दाबला. पुन्हा गुरगुरलं. आणि मग ते आलं. बरगड्यांखालून, कमरेच्या पट्ट्याला ढुसण्या देत, सगळ्या अंगात पसरत आलं. तोंडाला पाणी सुटलं. भूक. भिंतीपलीकडची नव्हे, तिची स्वतःची भूक. आणि तिच्याबरोबर भिंत पडल्यासारखी सगळी दुखणीही आत आली. पाठ ठणकली, कणा ओरडला, डागाच्या जुन्या खुणा चरचरल्या. ती खांबाला घट्ट धरून बसली. उठायचं होतं, काला वाटायच्या आधी, पण उठवेना.

हंडी फुटली. पोरांचा कल्ला झाला, गजर झाला. बुवांनी पहिला घास गोपाळांच्या नावानं खाली ठेवला आणि वाटप सुरू झालं. बायांच्या बाजूला घंगाळ घेऊन रामहरी निघाला, वर न बघता, हात दिसेल त्यात पळीनं टाकत. फुलाबाई पलीकडच्या रांगेत उभी होती. तिनं पाहिलं की सासू अजून खांबापाशीच आहे, आणि ती जागच्या जागी थिजली. काला नाकारता येत नाही. आणि बाटलेल्या तोंडानं तो खाता येत नाही.

रामहरी आला. प्रयागबाईचा हात पुढं झालेला होता. तो कधी झाला ते तिलाही कळलं नाही. थंडगार काला तळहातावर पडला. दह्यात भिजलेल्या लाह्या, काकडीची एक फोड, कैरीची एक फोड. बोटांच्या फटीतून दह्याचा ओघळ मनगटावर आला. गळ्याला माळ नव्हती. जिभेच्या मुळाशी सकाळचं तेल अजून होतं.

तिनं हात तोंडाला लावला.

आंबट. खारट. कैरी दातांत सळकली. घास गिळताना तेलाचा ढेकर आला, माशाचा वास नाकात गेला, आणि तिचं सगळं तोंड वेडंवाकडं झालं. डोळ्यांतून पाणी आलं. ते ढेकराचं की कशाचं, याची तिनं चौकशी केली नाही. तळहात चाटून साफ केला, बोटं चाटली, मनगटावरचा ओघळ चाटला, आणि हात पुन्हा पुढं केला.

रामहरी दोन बाया पुढं गेला होता.

"ए रामहरी!"

तो वळला. आईनं त्याला चारचौघांत अशी हाक किती वर्षांत मारली नव्हती.

"काय, आये?"

"वाढ आजून."

"आगं, काला एकदाच आस्तो. मागं लोकं खोळंबल्यात."

"भूक लागलीया मला," प्रयागबाई म्हणाली. "वाढ."

आजूबाजूच्या बाया कुरकुरायला लागल्या. फुलाबाई गर्दीतून वाट काढत येत होती, तिचा पदर कुणाच्या तरी पायाखाली अडकला होता आणि ती तो ओढत होती. रामहरी पळी घेऊन तसाच उभा. प्रयागबाईनं दुसरा हातही खांबावरून काढला, दोन्ही तळव्यांची ओंजळ केली, आणि वाकल्या वाकल्याच ती वर धरून ठेवली.